गुरुवारी चाललेलं ॲप

"तुझं ते ॲप गेटवर गेलं की झोपतंय," अप्पा जेवता जेवता म्हणाले, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरकडून ते इकडे आले तेव्हा मी आईच्या कडेवर होते. आता आम्ही दिघीत राहतो. अप्पा भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून लोखंडी पार्टच्या पेट्या स्वतःच्या टेम्पोत भरतात आणि चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात नेऊन उतरवतात. रोज, फक्त गुरुवार सोडून. आमच्या या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. पूर्वी विजेचा भार वाटून घ्यायला ती ठरवली म्हणतात. पुढे वीज आली, पण सुट्टी काही हलली नाही. त्यामुळे बारसं, साखरपुडा, खोली बदलणं, आमच्याकडे सगळं गुरुवारी उरकतात.

मी मोबाईलची ॲप लिहिते. आमचं ऑफिसही भोसरीतच, एका स्प्रिंगच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. दहा-बारा माणसं आणि खालून दिवसभर मशीनचा ठोका. गिऱ्हाइकं सगळी कारखानेवाली, म्हणून आमचीही सुट्टी गुरुवारीच. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणी शनिवारी लोणावळ्याचे फोटो टाकतात तेव्हा मी कोड लिहीत असते आणि त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत असते.

तर अप्पा ज्याला नावं ठेवत होते ते ॲप आमचंच. काम साधं. टेम्पो कारखान्याच्या गेटजवळ आला की ड्रायव्हरने फोनवर 'पोहोचलो' हे बटन दाबायचं. हिरवी खूण आली की गेटचा आडवा दांडा वर जातो. प्रत्येक गाडीला वेळ ठरवून दिलेली असते. खूण आली नाही तर रखवालदार म्हणतो, साईडला घे. साईडला घेतलं की रांगेत शेवटी, आणि नंबर येईपर्यंत वेळ टळते. वेळ टळली की लाल शेरा. महिन्यात तीन लाल झाले की गाडी त्या गेटच्या यादीतून जाते ती कायमची.

अप्पांचे दोन झाले होते आणि अर्धा महिना बाकी होता. छप्पन्न वर्षांचा माणूस, एक टेम्पो, एक गेट. यादीतून नाव गेलं असतं तर वर्कशॉपवाल्याला दुसरी गाडी लावावीच लागली असती. आईने हे मला सकाळीच पोळ्या लाटताना सांगितलं होतं. तरीही मी ताटावर काय बोलले? "नाचता येईना अंगण वाकडं! उशिरा तुम्ही पोहोचायचं आणि नाव ॲपचं."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

अप्पा चिडले नाहीत. ते चिडतच नाहीत, त्यांच्या वाटणीचं सगळं माझ्यात उतरलंय. वरणात भाकरी कुस्करत म्हणाले, "तसं न्हाई माय. गेटच्या वळणावर फोन कंपनीचं वायफाय धरतंय. धरलं की तुझं चक्र फिरायलंय, फिरायलंय, थांबायचं नावच न्हाई. मग आमी काय करतो, वळणाआधीच वायफाय बंद करतो, बटन दाबतो, आत गेल्यावर परत चालू करतो. आत पत्र्याखाली रेंज नसती, तिथं वायफायबिगर जमत न्हाई. सगळेच ड्रायव्हर असं करायलेत. त्या दोन दिवशी मी इसरलो."

माझा घास हातातच राहिला. महिनोन् महिने सगळे ड्रायव्हर माझ्या ॲपला असं चुचकारून चालवत होते आणि कुणी एका शब्दाने तक्रार केली नव्हती. त्यांना वाटायचं, ॲप असंच असतं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सरांपुढे जाऊन बसले. दोष कुठे आहे ते मला रात्रीच कळलं होतं. ॲपमध्ये जो भाग सर्व्हरशी बोलतो, त्याला आम्ही नेटवर्क क्लायंट म्हणतो, तो सहा वर्षांपूर्वी लिहिलेला. तो वेबची जुनी पद्धत वापरायचा. त्या पद्धतीत फोनची ओळख त्याच्या नेटवर्कच्या पत्त्यावर असते. टॉवर सोडून वायफायवर गेलात की पत्ता बदलतो आणि चालू असलेलं बोलणं मरतं. पण फोनला ते मेलेलं कळत नाही, तो आपला वाट बघत बसतो. नव्या पद्धतीला, एचटीटीपी थ्रीला, पत्त्याशी देणंघेणं नसतं. बोलण्यालाच स्वतःचा एक नंबर असतो. नेटवर्क बदललं तरी तो नंबर दाखवून पुढे बोलत राहायचं. आम्ही लहानपणी दर अकरा महिन्यांनी भाड्याची खोली बदलायचो. दरवेळी गॅसवाला, शाळा, रेशन, सगळीकडे नव्याने ओळख पटवायला आई हेलपाटे घालायची. ही नवी पद्धत तेव्हा आईला मिळायला हवी होती.

"चालतंय ना? मग चालत्या गाडीला कशाला हात लावायचा?" सर म्हणाले.

"चालत नाहीये. ड्रायव्हर चालवून घेतायत."

"आपला सर्व्हर तयार आहे?"

"दोन वर्षांपासून तयार आहे. सर्व्हर नवं बोलतो, आपलं ॲपच अजून जुनं धरून बसलंय. आठवडाभर द्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, भांडण जिंकता येणार नाही असं त्यांच्या तोंडावर आलं, आणि ते हो म्हणाले. मी त्या आठवड्यात जेवण सोडून दुसरं काही केलं नाही. जुना क्लायंट काढला, नवा बसवला. नवी पद्धत कुठे जमलीच नाही तर जुन्यावर परत यायचं, हेही लिहिलं. पण परत यायच्या आधी थांबायची मुदत मी ऐसपैस ठेवली: वीस सेकंद, आणि तीनदा प्रयत्न. का, तर नव्याची हौस. मला ते ॲप जुन्यावर परत यायलाच नको होतं.

चाचणी गेटवरच घ्यायची होती, आणि कामाच्या दिवशी त्या गेटवर पाय ठेवायला जागा नसते. मग कधी? आमच्याकडच्या कुणालाही विचारा, एकच उत्तर येईल. गुरुवारी. अप्पांचा टेम्पो रिकामा, मला सुट्टी, रस्ता मोकळा. मोशीपासून चाकणपर्यंत आम्ही असे गेलो की अप्पांनाच चुकल्यासारखं वाटत होतं. गेटवर एकच रखवालदार होता, राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावातला, साठीला आलेला. तो खुर्ची सावलीत ओढून डबा खात होता. "करा काय करायचं ते," म्हणाला.

सात वेळा आम्ही वळणावरून गेटपर्यंत आलो. सातही वेळा बटन दाबलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत हिरवं. आणि सातही वेळा अप्पांनी गाडी अशी अलगद उचलली की डॅशबोर्डवरच्या बाटलीतलं पाणी हललं नाही. क्लच कसा सोडावा यावर अप्पा तासभर बोलू शकतात. नव्या ड्रायव्हरची गाडी गर्दीत गचके खाऊन बंद पडली की ते मान हलवतात आणि म्हणतात, "पाय बोलत न्हाई त्याचा."

"बेस झालं," सातव्या फेरीनंतर गाडी वळवताना ते म्हणाले. अप्पांच्या तोंडून 'बेस' म्हणजे फार झालं. मी हवेत गेले. आणि हवेतूनच त्यांना हुकूम सोडला, "आता ते वायफायचं बटन विसरायचं, अप्पा. हात लावायचा नाही. तुम्ही मधे बोट घातलंत तर माझं काम चाललं की नाही हे मला कळणार कसं?"

"न्हाई लावत," ते म्हणाले.

चाकणच्या तळेगाव चौकात मिसळ खाऊन आम्ही घरी आलो. शुक्रवारी पहाटे नवं ॲप सगळ्या ड्रायव्हरांच्या फोनवर गेलं.

साडेनऊला ऑफिसात फोन वाजायला लागले. चक्र फिरतंय. हिरवं येत नाही. पूर्वी तरी कधी कधी यायचं, आता येतच नाही. मी स्क्रीनवर बघते तर खरंच, गेटवरून एकही बोलणं धड पुरं होत नव्हतं. काही गाड्या मात्र रोजच्यासारख्या बिनबोभाट आत जात होत्या. नंतर कळलं, ते जुन्या सवयीने वायफाय बंद करणारे ड्रायव्हर होते. थोडक्यात, ज्यांचा माझ्यावर भरवसा नव्हता ते सगळे हिरवे झाले.

सरांनी सर्व्हरवरून नवी पद्धत बंद केली. पाच मिनिटांत सगळं पहिल्यासारखं झालं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी घरी फोन लावला. आई म्हणाली, आलेत, बसलेत. मी तशीच गाडीवर टांग टाकून दिघीला गेले. अप्पा दारात पायरीवर बसले होते, चहाचा कप बाजूला तसाच भरलेला.

"साईडला घे म्हणाला," ते म्हणाले. "घेतली. वेळ गेली. तिसरा झाला."

"अहो, मग वायफाय बंद का नाही केलंत?" मी ओरडलेच. "चक्र फिरताना दिसत होतं ना? महिनोन् महिने करताय, मग आजच काय झालं?"

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच विचित्र बोलत होते.

"तू हात लावू नको म्हणालीस ना," ते म्हणाले.

मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. दोनदा धुतलं. बापाच्या पायावर लेकीने धोंडा घातला होता आणि वर ओरडायलाही तीच. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुपारी मी गेटवर गेले. गुरुवारी चाललं ते शुक्रवारी का चालेना, हे तिथेच कळणार होतं. तोच रखवालदार होता. मी त्याला विचारलं, काका, कालच्यात आणि आजच्यात इथे काय बदललं?

"काय न्हाई," तो म्हणाला. "काल सुट्टी, आज काम."

"आणि हे वायफाय?" त्याच्या केबिनच्या भिंतीवर एक पांढरा डबा लुकलुकत होता.

"त्यो व्हय? त्यो बेस्तरवारी बंद असतो ना ताई. म्याच बटन बंद करून ठेवतो. मानसंच न्हाईत तर कशाला जाळायची लाईट? कालबी बंदच हुता."

हात्तिच्या! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते असं. ज्या वळणावर फोन टॉवर सोडून वायफाय धरतो, त्या वळणाची परीक्षा मी वायफाय बंद असताना घेतली होती, सात वेळा, आणि मिसळ खाऊन आनंद साजरा केला होता. मी माझा फोन त्या वायफायला जोडून पाहिलं. पुढचंही दहा मिनिटांत समजलं. नवी पद्धत ज्या वाटेने जाते ती वाट कारखान्याच्या सुरक्षेच्या यंत्रणेने बंदच ठेवली होती. जुन्या पद्धतीच्या वाटेला मोकळीक, नवीला मनाई. आणि माझं ॲप त्या बंद वाटेवर वीस वीस सेकंद तीनदा धडका देत उभं होतं, जुनी वाट शेजारी उघडी असताना. गुरुवारी हे एकदाही घडलं नाही, कारण गुरुवारी तिथे तसं नेटवर्कच नव्हतं.

मी तिथूनच माल-विभागाच्या साहेबांकडे गेले. लाल शेरे त्यांच्या हातात. तळेगाव दाभाड्याहून येणारे, हळू बोलणारे गृहस्थ. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, "आजचा शेरा ड्रायव्हरच्या चुकीचा नाही, माझ्या चुकीचा आहे. आणि तो ड्रायव्हर माझा बाप आहे, हेही आधीच सांगते. मागून कळलं तर म्हणाल लपवलं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाकीच्या गाड्यांचे आजचे शेरे ते काढणारच होते, म्हणाले, पण तिसरा शेरा पडला की गाडी यादीतून आपोआप जाते, ती परत घ्यायला त्यांना वर कारण दाखवावं लागतं. "कारण म्हणजे काय, तुमचं ॲप दुरुस्त झालंय याचा पुरावा. येत्या शुक्रवारी सकाळी नऊच्या गर्दीत, तीच गाडी, माझ्यासमोर. हिरवं आलं तर शेरा खोडतो. नाही आलं तर माझाही इलाज नाही."

तो आठवडा अप्पा घरी होते. ते रोज सकाळी टेम्पो धूत. पुसून झाला की परत धूत. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "अहो, पुरे, पत्रा झिजंल." ते हसले आणि चाकांकडे वळले. मला ते पाणी ऑफिसात बसूनही ऐकू यायचं.

मी दुरुस्ती केली ती अशी. वाट बघायचीच नाही. दोन्ही वाटांनी एकाच वेळी विचारायचं, ज्या वाटेने उत्तर आधी येईल ती धरायची. आणि एखाद्या वायफायवर नवी वाट बंद सापडली तर ते लक्षात ठेवायचं, तिथे पुन्हा धडक द्यायची नाही. या वेळी मी ऑफिसात एक राउटर आणून त्यावर मुद्दाम ती वाट बंद केली, गेटवरच्यासारखी. फोन घेऊन जिना चढले, उतरले, टॉवरवरून वायफायवर, वायफायवरून टॉवरवर. खालचे स्प्रिंगवाले बघत होते, हिचं डोकं फिरलंय की काय. शंभरदा हिरवं आलं. पण दुधाने तोंड पोळलं होतं. शंभर वेळा हिरवं येऊनही मला धीर येईना.

शुक्रवारी मी अप्पांच्या शेजारी टेम्पोत बसले. मागे पेट्या भरलेल्या. मोशीला नेहमीची कोंडी, पुढे कुरुळीला त्याहून मोठी. अप्पा शांत होते. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता. गेटच्या वळणावर आलो तेव्हा पुढे सहा गाड्या, मागे किती ते दिसत नव्हतं, आणि केबिनपाशी साहेब हाताची घडी घालून उभे.

फोन डॅशबोर्डवर होता. शंभर वेळा तपासलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं आणि एकच दिसायला लागलं, ते वायफायचं बटन. ते बंद केलं की हिरवं नक्की. महिनोन् महिने नक्की आलेलं. साहेबांना इतक्या लांबून काय दिसणार?

"अप्पा," मी हळूच म्हणाले, "वायफाय बंद करा."

त्यांनी मान वळवली.

"मागच्या खेपंला हात लावू नको म्हणालीस, लावला न्हाई. आज लाव म्हणायलीस." आवाज अगदी जेवताना बोलतात तसा. "काय ते एक ठरव माय. मागं हॉर्न वाजायलेत."

खरंच वाजत होते. पुढची गाडी आत गेली. आमच्या आणि दांड्याच्या मधे आता दोन गाड्या. ते माझ्याकडे बघत राहिले. मी लावा म्हणाले असते तर त्यांनी लावला असता, आणि पुन्हा कधी त्याचा उल्लेखही केला नसता, हे मला माहीत होतं.

"नका लावू," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

वळण आलं. फोनच्या वरच्या कोपऱ्यात टॉवरची काडी गेली आणि वायफायची खूण आली. अप्पांनी एक बोट उचलून 'पोहोचलो' दाबलं. मी चक्र फिरायची वाट बघत होते. ते फिरलंच नाही. हिरवं आलं.

साहेबांनी केबिनमधल्या स्क्रीनवर पाहिलं, हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि आम्हाला हाताने पुढे या म्हणून खूण केली. दांडा वर गेला. अप्पांनी पहिला गिअर टाकला, गाडीने एक गचका खाल्ला, पुढे उडी मारली आणि दांड्याच्या बरोबर खाली बंद पडली.

मागून सगळी रांग हॉर्न वाजवायला लागली. "काय ओ, आज काय झालं?" रखवालदार ओरडला. अप्पांनी चावी फिरवली. पहिल्यांदा त्यांना ती नीट फिरवताही आली नाही.

"पाय सटकला," ते पुढे बघतच म्हणाले.

लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसत आले आहे, आणि त्यांच्या हातात गाडी बंद पडलेली मी तेवढी एकदाच पाहिली.